शॉटगनला नेम लागत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

डॅलसच्या उत्तरेला नवीन घर घेतलेल्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न आहे. गल्लीत दोन घरं सोडून चोरी झाली, बायको घाबरली आहे, आणि ऑफिसातले सहकारी म्हणतात, शॉटगन, म्हणजे एका काडतुसातून अनेक छर्रे सोडणारी बंदूक, घेऊन टाक. नेम धरावा लागत नाही, पंपाचा (काडतूस चढवायला नळीखालची मूठ मागे-पुढे ओढतात त्याचा) आवाज ऐकूनच चोर पळतो, छर्रे भिंतीपलीकडे जात नाहीत, आणि बायकोलाही सहज चालवता येते. घरात आठ आणि पाच वर्षांची मुलं आहेत. आई-वडील दर वर्षी मेपासून ऑक्टोबरपर्यंत येऊन राहतात. तर घ्यावी का?

मी गेली चौदा वर्षं टेक्सासमध्ये लोकांना बंदूक चालवायला शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही बरीच असतात. तुमच्या सहकाऱ्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी मी प्रत्येक वर्गात ऐकतो, आणि घराच्या आत या चारांपैकी एकीवरही विसंबता येत नाही.

त्याआधी एक गोष्ट विचारतो, कारण सहकाऱ्यांना ती सुचणार नाही. तुमचं ग्रीन कार्ड झालं आहे का? एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा नुसती काडतुसं बाळगायलाही अमेरिकेचा संघीय कायदा मनाई करतो. काही अपवाद आहेत, आणि त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्याला आणि नागरिकाला ही मनाई लागत नाही. पण तुमचे आई-वडील बी-२ वर, म्हणजे पर्यटक व्हिसावर येणार. म्हणजे बंदूक तुमच्या नावावर असली, तरी तिजोरीचा आकडा त्यांना ठाऊक असता कामा नये, आणि 'बाबा, जरा धरून बघा' म्हणत फोटो काढणं तर नाहीच. हा गुन्हा ठरला तर तुरुंगवासाबरोबर देशातून काढून टाकण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. तुमची स्थिती जरा जरी गुंतागुंतीची असेल तर दुकानात जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. दुकानातला माणूस फॉर्म भरून घेतो आणि पार्श्वभूमी तपासतो, तो तुमचा वकील नव्हे.

आता नेमाबद्दल.

आमच्या आजोबांकडे पाटण तालुक्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर दुनळी बाराबोर होती. भुईमुगात रानडुकरं उतरायची. खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं ते मोजून आणत आणि मोजून वापरत. एवढी वर्षं बंदूक बाळगलेला तो माणूस नेम धरल्याशिवाय कधी चाप ओढताना मी पाहिला नाही. इथे मात्र ज्यांनी आयुष्यात एक काडतूस उडवलेलं नाही, ते सांगतात की शॉटगन नुसती दाराच्या दिशेने केली की झालं.

हा समज आला कुठून तेही सांगतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. उडत्या पक्ष्यावर किंवा हवेत फेकलेल्या मातीच्या तबकडीवर शॉटगन चालवतात तेव्हा अंतर तीस मीटरच्या आसपास असतं. तिथवर जाईतो शेकडो बारीक छर्‍यांचा थवा जवळजवळ मीटरभर पसरतो, आणि त्या पसरण्यावरच तो सगळा खेळ आहे. पण तुमच्या घरात तीस मीटर कुठे आहेत? आज घरी गेल्यावर टेप काढा आणि शयनगृहाच्या दारातून पुढच्या दारापर्यंत, किंवा जिन्याच्या वरच्या पायरीपासून खालच्या हॉलपर्यंत मोजा. आपल्या लोकांच्या घरांत सरळ नजर जाते ते सर्वांत मोठं अंतर बहुधा दहा मीटरच्या आत भरतं. खोलीच्या आत तर चार-पाच मीटर.

वर्गात मी पहिल्या दिवशी सहा-सात मीटरवर कोरा कागद टांगतो. साध्या आखूड नळीच्या पंप शॉटगनमधून एक डबल-ऑट बकशॉट उडवायचा. या जाड छर्‍यांच्या काडतुसात सुमारे ८.४ मिलिमीटर जाडीचे आठ-नऊ छर्रे असतात. मग शिकणाऱ्याला कागदापाशी नेऊन सांगतो, भोकांवर हात ठेव. कधी मूठ पुरते, कधी तळहात लागतो. नव्या धर्तीचे वॅड असलेली काडतुसं मिळतात, त्यांत छर्रे पेल्यासारख्या आवरणात जास्त वेळ एकत्र राहतात. ते उडवलं तर त्याच अंतरावर दोन बोटांनी झाकता येईल एवढं एकच फाटकं भोक दिसतं. कागदापाशी उभ्या माणसाचा चेहरा तेव्हा बदलतो. आपण मूठभर जागेवर नेम धरायला हवा होता आणि आपण दाराएवढी जागा मनात धरली होती, हे त्याला कागद सांगतो.

यातून दुसरी गोष्ट निघते. चुकलेला प्रत्येक छर्रा कुठेतरी जाऊन बसतो. नऊ छर्‍यांच्या काही काडतुसांत एखादा छर्रा थव्यापासून फटकून जातो, म्हणून मी घरासाठी आठ छर्‍यांचं काडतूस पसंत करतो. तुमच्या बंदुकीतून तुम्ही निवडलेलं काडतूस तुमच्याच घरातल्या अंतरावर कसं पसरतं, हे कागदावर पाहिल्याशिवाय ती बंदूक घरात तयार ठेवू नका. दोन बंदुका एकाच कंपनीच्या असल्या तरी पसारा सारखाच येतो असं नाही.

भिंतींच्या बाबतीत आपण मराठी माणसं जास्त फसतो, कारण आपल्या डोक्यातली भिंत वेगळी आहे. नऊ इंची विटेची, गिलावा केलेली, खिळा ठोकायला ड्रिल लागणारी. टेक्सासच्या घरात आतली भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याला दोन्हीकडून लावलेलं अर्ध्या इंचाचं जिप्समचं पान. मधे हवा. मुलगा रागाने लाथ मारून भोक पाडू शकतो अशी ती भिंत असते. डबल-ऑट तिच्यातून जातो, पुढच्या भिंतीतून जातो आणि त्याच्या पुढच्या खोलीत माणसाला मारण्याइतका जोर तरीही त्यात शिल्लक राहू शकतो. बारीक छर्‍यांचं काडतूस वापरलं तर? खोलीभर अंतरावर तेही एका गोळ्यासारखंच आदळतं आणि एक भिंत ओलांडतं.

काही जण यावर उपाय म्हणून हे बारीक छर्‍यांचं, पक्ष्यांच्या शिकारीचं काडतूसच ठेवा असं सुचवतात. मला तो सल्ला पटत नाही. एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर गोळ्यांची जी कसोटी ठरवली, तिच्यात माणसाच्या मांसाइतक्या दाट जिलेटिनमध्ये गोळी १२ ते १८ इंच शिरावी अशी अपेक्षा आहे, कारण तेवढ्या खोलीवरच हल्ला थांबवणारे अवयव लागतात. पक्ष्यांचे छर्रे पाच-सहा इंचांत थांबतात. भयानक जखम होते, पण अंगावर धावून येणारा माणूस थांबेलच असं नाही. म्हणजे जे काडतूस माणसाला थांबवू शकतं ते जिप्समच्या भिंतीलाही भेदणार, आणि त्यावर काडतूस बदलून तोड निघत नाही. तोड निघते ती घराच्या नकाशात. कागदावर घर काढा. मुलांची खोली, आई-वडिलांची खोली, शेजाऱ्याच्या घराकडची भिंत रंगवा. मग पहा, कुठे उभं राहिलं की तुमच्या आणि दाराच्या रेषेपलीकडे बाहेरची विटेची भिंत येते किंवा जमीन येते. अशी एकही जागा मिळत नसेल तर मुलांच्या खोल्या बदला. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, माझ्याकडच्या दोन कुटुंबांनी तसं केलं आहे.

'एका गोळीत माणूस उडून पडतो' हे सहकाऱ्यांनी सांगितलं नसेल तरी तुमच्या मनात असणार. तुम्ही इंजिनिअर असाल तर हिशेब करा. छर्‍यांचं वजन सुमारे ३२ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. ७५ किलोच्या माणसाला तो सगळा संवेग दिला तरी वेग येतो सेकंदाला १७ सेंटिमीटर. माणूस उडत नाही. आणि समोर जेवढा धक्का तेवढाच तुमच्या खांद्याला, हे विसरू नका.

इथे 'बायकोला सहज चालवता येते' याचा प्रश्न येतो. घरात ठेवायच्या बंदुकांपैकी शिकायला कठीण अशी ही बंदूक आहे. बाजारातल्या बहुतेक शॉटगनचा दस्ता सहा फुटी माणसाच्या हाताच्या मापाचा असतो. पाच फूट दोन इंचांच्या बाईला तो खांद्यात बसत नाही. ती मागे रेलून तोल सांभाळते आणि पहिल्याच काडतुसाला दंड काळानिळा होतो. नवरे हे पाहून हसतात तेव्हा मला राग येतो. चूक माप न घेता बंदूक हातात देणाऱ्याची आहे. आखूड दस्ता लावा, कमी धक्क्याची काडतुसं घ्या, किंवा वीस गेजची सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) घ्या. बारा गेज म्हणजे एका पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एका गोळ्याच्या जाडीएवढी नळी, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. वीस गेजची नळी त्याहून अरुंद, १५.६ मिलिमीटर. घराच्या आतल्या अंतरावर वीस गेज बकशॉट दुबळा नाही.

पंप शॉटगन 'कधी अडकत नाही' हेही दुकानात सांगतात. रेमिंग्टन ८७० हे १९५० चं मॉडेल, मॉसबर्ग ५०० हे १९६१ चं, दोन्ही पोलादासारखी टिकाऊ, वाद नाही. पण यंत्र अडकत नाही म्हणून माणूस अडकत नाही असं नव्हे. घाबरलेला माणूस पंप पूर्ण मागे ओढत नाही, अर्धवट ओढतो आणि पुढे ढकलतो. रिकामं कवच अडकतं किंवा चाप ओढल्यावर नुसती 'टक' ऐकू येते. माझ्या वर्गात, दिवसाउजेडी, कुणी अंगावर येत नसताना, दर शनिवारी कुणाचं तरी असं होतं. बहुतेकांत काडतुसं पाच-सहाच बसतात आणि पुन्हा भरायला वेळ लागतो.

पंपाच्या आवाजाचं म्हणाल, तर काही चोर पळत असतीलही. पण त्या आवाजाने तुम्ही कुठे आहात हे समोरच्याला कळतं, आणि तो आवाज ऐकूनही तो थांबला तर तुम्ही काय करणार हे तुम्ही ठरवलेलं नसतं. धमकी म्हणून आणलेली बंदूक घरात येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. २०१३ साली उपाध्यक्ष असताना जो बायडन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की आपण पत्नीला सांगून ठेवलंय, काही झालं तर दुनळी घेऊन बाल्कनीत जा आणि दोन बार उडव. हेतू चांगला असेल, सल्ला घातक आहे. दुनळीतले दोन्ही बार उडाले की हातात लाकडाचा दांडका उरतो. शिवाय टेक्सासमध्ये एक लाखाहून मोठ्या शहराच्या हद्दीत बेफिकीरपणे गोळी झाडणं हा गुन्हा आहे.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीपाशी मी सगळ्यात जास्त थांबलो ती ओळ. आई-वडील सहा महिने येऊन राहतात.

माझे वडील पहिल्यांदा आले त्या वर्षीची गोष्ट. तिसरी की चौथी रात्र असेल. पहाटे पावणेचारला मागच्या दाराची कडी वाजली. बायको उठून बसली, मी तिजोरीतून शॉटगन काढली. जिन्याच्या वरच्या पायरीवर आलो तर खाली, स्वयंपाकघराच्या अंधारात, दाराशी कुणीतरी वाकलेलं. त्या वेळी माझ्या मनात वडिलांचा विचार आला नव्हता, हे मला लिहावं लागतंय. ते शेजारच्या खोलीत झोपलेत अशीच माझी खात्री होती. मी नळी जमिनीकडे ठेवून ओरडलो, 'कोण आहे?' आणि खालून आवाज आला, 'मीच रे. झोप येईना, म्हटलं अंगणात चक्कर मारावी.'

मी मराठीत ओरडलो, कारण घाबरल्यावर माझ्या तोंडून मराठीच येतं. शिक्षक म्हणून मी त्या आधी सगळ्यांना इंग्रजीतल्या आज्ञा पाठ करायला लावत होतो. इंग्रजीत दरडावलं असतं तर ऐकायला कमी येणारे माझे वडील कदाचित गप्प उभे राहिले असते. त्या पहाटेपासून प्रत्येक मराठी कुटुंबाला मी सांगतो: पहिली हाक मराठीत. माणसाचं नाव घेऊन. 'आई? बाबा?' उत्तर आलं नाही, तर मग इंग्रजीत की पोलिसांना बोलावलंय, निघून जा.

आणि हाकेच्याही आधी उजेड. अंधारात दिसणारी आकृती ही ओळख नव्हे. बंदुकीला दिवा लावणं चांगलं, पण ज्याच्यावर दिवा टाकाल त्याच्यावर नळीही रोखली जाते, म्हणून ओळख पटवायला तो माणसावर रोखायचा नाही. प्रकाश जमिनीवर किंवा छतावर टाका, खोली उजळते. त्याहून बरं म्हणजे घरातलेच दिवे, जिन्यावरून खालच्या हॉलचा दिवा लावता येईल अशा ठिकाणी बटण.

मिशिगनमधल्या डिअरबॉर्न हाइट्सला नोव्हेंबर २०१३ मध्ये पहाटे एका घराचं दार कुणीतरी जोरजोरात वाजवत होतं. घरमालकाने बारा गेजची शॉटगन घेऊन आतलं दार उघडलं आणि बाहेरच्या जाळीच्या दारातून गोळी झाडली. पोर्चमध्ये १९ वर्षांची मुलगी होती. तिच्या गाडीला काही तासांपूर्वी अपघात झाला होता. तिच्याकडे शस्त्र नव्हतं. माणूस म्हणाला, मला भीती वाटली. २०१४ मध्ये ज्युरीने त्याला सेकंड डिग्री मर्डरखाली दोषी ठरवलं आणि किमान १७ वर्षांची शिक्षा झाली. टेक्सासचा कायदा घरमालकाला बराच आधार देतो, पण तो कायदाही विचारतो की त्या क्षणी जीवघेण्या बळाचा वापर ताबडतोब गरजेचा होता असं मानायला वाजवी कारण होतं का. त्या घरमालकाचं दार बंद होतं. ते बंद ठेवून फोन लावला असता तर ती मुलगी जिवंत असती.

म्हणून योजना अशी करा. आवाज आला तर घरभर शोधत फिरायचं नाही. मुलांना आणि आई-वडिलांना एका खोलीत आणा, दार लावा, ९११ ला फोन करा, आणि दाराकडे तोंड करून तिथेच थांबा. फोन चालू ठेवा. घरात बंदूक आहे, तुम्ही घरमालक आहात, कोणत्या खोलीत आहात, अंगात काय कपडे आहेत, हे सगळं सांगा. पोलीस येतील तेव्हा त्यांना अंधारात बंदूक घेतलेला एक अनोळखी माणूस दिसेल, आणि तो घरचा की बाहेरचा हे त्यांना कळायला मार्ग नसतो. ते दारात येण्याआधी बंदूक खाली ठेवा, हात रिकामे ठेवा. वडिलांना हे आधी समजावून सांगा. पोलिसांकडे धावत जाऊन हाताला धरायची आपल्या वडीलधाऱ्यांना सवय असते.

ठेवायची कशी? कपाटाच्या वरच्या फळीवर नाही, गादीखाली नाही. आठ वर्षांच्या मुलाला घरातली प्रत्येक लपवलेली वस्तू ठाऊक असते. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती उडवता येईल अशी बंदूक निष्काळजीपणाने लागली तर पालक गुन्हेगार ठरतो. आकडी कुलपाची, भिंतीला बोल्टने जखडलेली, चटकन उघडणारी तिजोरी घ्या. काडतुसं मॅगझिनमध्ये (बंदुकीतल्या साठ्यात), चेंबर (काडतूस उडतं ती नळीमागची जागा) रिकामं. याचं कारण अनेकांना माहीत नसतं: बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते. चेंबर भरलेली बंदूक आपटली तर ती उडण्याची शक्यता राहते. आणि घरात कुणी नैराश्यातून जात असेल, तर बंदूक आणू नका, असेल तर बाहेर हलवा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. आपल्या कुटुंबांत या विषयावर बोलत नाहीत म्हणून मी बोलतो.

तर घ्यावी का? तुमच्या जागी मी आधी शंभर-दीडशे डॉलर दारावर घालीन. डेडबोल्टची, म्हणजे दाराच्या कुलपाच्या दांड्याची, चौकटीतली पट्टी बांधकामवाल्यांनी बऱ्याचदा इवल्याशा स्क्रूंवर बसवलेली असते, आणि एका लाथेत चौकट फाटते. तीन इंची स्क्रू लावले की ते आतल्या लाकडी खांबात शिरतात. गॅरेजमधून घरात येणारं दार रोज रात्री लावा, आपली मंडळी ते उघडंच ठेवतात. अंगणात हालचालीवर लागणारे दिवे बसवा. एवढं केल्यावरही बंदूक हवीशी वाटली, तर विकत घेण्याआधी दोघंही नेमबाजीच्या रेंजवर या. बारा आणि वीस गेज, दोन्ही भाड्याने घेऊन प्रत्येकी २५ काडतुसं उडवा. तुमच्या पत्नीला ती नको वाटली तर तो घराचा निर्णय समजा. एकट्याच्या हौसेने तिजोरीत पडून राहिलेली आणि वर्षातून एकदाही न चालवलेली शॉटगन मी कुणालाच सुचवणार नाही. घेतलीत, तर दर दोन महिन्यांनी एक सकाळ तिच्यासाठी काढावी लागेल.

आणि मे महिन्यात आई-वडील यायच्या आधी जिन्यात, स्वयंपाकघरात आणि मागच्या दारापाशी रात्रभर जळणारे छोटे दिवे लावा. पहिले आठ-दहा दिवस ते पहाटे तीनला उठणारच आहेत. चहाचं सामान खालीच ओट्यावर काढून ठेवा, म्हणजे ते कुठे असतील हे तुम्हाला ठाऊक असेल.